काकूंच्या हातचा ठिपका

काकूंचा हात चांगला होता, हे त्यांच्याबद्दल वाईट बोलणारेसुद्धा कबूल करायचे. चौकातल्या फोटो स्टुडिओत त्या रिटचिंग करायच्या. आधी बारीक कुंचल्यानं निगेटिव्हवर आणि कॉम्प्युटर आल्यावर माउसनं. ऐन लग्नात नवरीच्या हनुवटीवर उगवलेली पुटकुळी, मुलाखतीला निघालेल्या तरुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, आजोबांच्या नाकावरचा मस, काकूंच्या हाताखालून गेलं की सगळं साफ. विचारायच्या मात्र कधीच नाहीत. एकदा एका नवऱ्या मुलाच्या गालावरचा ठसठशीत तीळ त्यांनी सहज काढून टाकला, तर त्याची आई फोटो घेऊन दुकानात उभी राहिली आणि म्हणाली, "हा माझा मुलगाच नाही. माझा कुठं ठेवलात?" यात आपलं काय चुकलं ते काकूंना आजतागायत कळलेलं नाही.

स्टुडिओ बंद पडला त्याला कुणाचाच इलाज नव्हता. हल्ली फोनच माणसाला गुळगुळीत करून देतो, काकू कशाला हव्यात? पन्नाशीला टेकलेल्या काकू घरी बसल्या आणि घरातल्या सगळ्यांना, म्हणजे एकट्या नवऱ्याला, त्यांनी भंडावून सोडलं. आरशावरचे डाग, फरशीवरचे डाग, नवऱ्याच्या शर्टावरचे डाग. नवरा प्लंबर. शर्टावर डाग नसेल तर गिऱ्हाईक आपल्याला घरात घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी त्यानं हात जोडले. "अगं, बाहेर कुठंतरी काम बघ. नाहीतर मी तरी दुसरीकडे राहायला जातो."

काम मिळालं तेही भलत्याच ठिकाणी. पाण्याच्या टाकीमागं एक दुमजली इमारत होती. तिथं तारे बघतात असं गल्लीत सगळे म्हणायचे, पण दुर्बीण काही तिथं नव्हती. ती होती फार लांब, एका उजाड डोंगरावर. रात्रभर तिनं काढलेली चित्रं सकाळी या इमारतीतल्या कॉम्प्युटरवर येऊन पडायची आणि मग इथली माणसं ती डोळ्यांत तेल घालून बघायची. ज्यांचं हे सगळं चालायचं त्या मॅडम काकूंच्या जुन्या गिऱ्हाईक. पासपोर्टच्या फोटोत त्यांच्या भुवईवरचा व्रण काकूंनी पुसून टाकला होता आणि कचेरीनं फोटो परत पाठवला होता. तेव्हा मॅडम चिडल्या होत्या. पण स्वतःला आरशात कधी न दिसलेला व्रण हिला दिसला, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली होती. स्टुडिओला कुलूप लागलेलं दिसलं तेव्हा त्या घर शोधत आल्या.

काम ऐकायला सोपं होतं. आकाशाच्या एखाद्या तुकड्याचं एक जुनं, चांगलं चित्र जपून ठेवायचं. नवं चित्र आलं की कॉम्प्युटर त्यातून जुनं वजा करायचा. जे होतं तसंच आहे ते वजा होऊन जायचं, नुसता करडा रंग उरायचा. नवं काही उगवलं असेल तर तेवढा पांढरा ठिपका राहायचा. आता कॉम्प्युटरची वजाबाकी म्हणजे शेजाऱ्यानं करून दिलेला हिशेब, शंभर ठिकाणी भलतेच ठिपके उरायचे. ते एकेक बघून खरा कुठला आणि कचरा कुठला हे ठरवायला माणूस लागायचा. काळे ठिपके तर बघायचेसुद्धा नाहीत, ते वजाबाकी हलल्यामुळे पडतात, सरळ कचऱ्यात, हा मॅडमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता.

"पण शोधायचं काय?" काकूंनी विचारलं.

"फुटलेला तारा. सुपरनोव्हा," मॅडम म्हणाल्या. "आपल्या आकाशगंगेसारख्या दुसऱ्या आकाशगंगा आहेत ना, त्यांना दीर्घिका म्हणतात. काही जवळच्या दीर्घिकांमध्ये ताऱ्यांची नुसती झुंबड उडालीय. मोठाले तारे जन्मतात, भराभर जगतात आणि फुटतात. हिशेबानं दर एक-दोन वर्षांनी एखादा तरी फुटलेला दिसायला हवा. पण दिसत नाही. कारण जिथं तारे जन्मतात तिथंच धूळ जास्त. फुटलेल्याचा उजेड धुळीतच अडकतो. म्हणून आपण इन्फ्रारेडमध्ये बघतो. तो डोळ्याला न दिसणारा, उष्णतेच्या जातीचा प्रकाश. तो धुळीतून बराचसा पार येतो."

काकूंनी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं. "जवळची" म्हणजे जिथून प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसही नव्हता, हे ऐकून तर त्या पार चक्रावल्या. "म्हणजे तो तारा केव्हाच फुटून गेलाय?" त्यांनी विचारलं. मॅडम हो म्हणाल्या. "मग एवढी घाई कसली चाललीय सगळ्यांची?" याचं उत्तर मॅडमनी हसून टाळलं, आणि काकूंचा तो प्रश्न तसाच राहिला.

घरी त्यांनी हे जमेल तसं नवऱ्याला सांगितलं. तो उठला, त्यांचा हात धरून त्यानं न्हाणीघराच्या भिंतीवर टेकवला. गीझर नुकताच बंद केला होता. भिंत गार होती, पण मध्ये एक पट्टा कोमट लागला.

"डोळ्याला काय दिसतं? भिंत. हाताला काय लागतं? गरम पाण्याचा पाइप," तो म्हणाला. "तुमची दुर्बीण हात लावून बघते, एवढंच."

"आणि पाइप फुटला असेल तर?"

"तेच तर शोधताय ना तुम्ही!"

हे मात्र काकूंना पटलं. त्या दिवसापासून कामात त्यांचा जीव रमला. दीर्घिकांचे नुसते आकडे त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. एक चेपलेली वाटी, एक गबाळी वेणी, आणि दोन दीर्घिका एकमेकींत घुसून बसल्या होत्या ती भांडखोर जोडी. कॉम्प्युटरची वजाबाकी ज्यानं लिहिली होती त्या प्रोग्रामवाल्यानं सुरुवातीला नाक मुरडलं. पुढं तोही "काकू, आज जोडीचं चित्र आलंय" असं म्हणायला लागला.

पण सुपरनोव्हा काही सापडेना. दोन वर्षं गेली. जुना कॅमेरा धूसर होता, दीर्घिकेच्या पोटातलं सगळं त्यात एकच लगदा दिसायचं. भांडून-तंडून मॅडमनी डोंगरावर नवा कॅमेरा बसवून घेतला, तर दुर्बिणीचा वेळ वाटणाऱ्या समितीनं कान टवकारले. वर्षभरात एकही सापडला नाही तर तुमचा वेळ दुसऱ्यांना देऊ, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. मॅडमच्या आयुष्यातली उमेदीची वर्षं या शोधात गेली होती. त्यांनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, पण त्या जेवणाचा डबा न उघडताच घरी नेऊ लागल्या हे काकूंना दिसायचं. काकूंना फार वाईट वाटायचं. आपल्या डोळ्यांतून काही निसटत तर नाही ना, या धास्तीनं त्या चित्रांना नाक लावून बसायच्या.

आणि एका सकाळी भांडखोर जोडीच्या पोटात पांढरा ठिपका उभा राहिला. लख्ख, गोल, एकटा. नव्या कॅमेऱ्यानं जपून ठेवायला तिचं एकच चित्र काढून झालं आणि ही जोडी दरवर्षीसारखी काही महिने सूर्याच्या बाजूला गेली, तिथं ती दिसत नाही. ती नुकतीच पुन्हा दिसायला लागली होती आणि हे त्यानंतरचं तिचं पहिलंच चित्र होतं. काकूंनी हाक मारली. मॅडम आल्या, प्रोग्रामवाला आला. त्यानं वजाबाकी पुन्हा केली, तिसऱ्यांदा केली. ठिपका ढिम्म हलला नाही. साध्या उजेडातल्या चित्रात त्या जागी नुसता अंधार होता. मॅडम खुर्चीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, चहा करता का? नको, मीच करते." त्यांनी चहात साखरेऐवजी दोनदा चहापूडच घातली. तो कडूजहर चहा तिघांनीही मुकाट्यानं प्यायला.

खूश व्हायला हवं होतं आणि काकू खूश होईनात. काहीतरी खुपत होतं. त्या ठिपक्याकडे बघितलं की हात शिवशिवत होता. मधल्या ठसठशीत लगद्याच्या शेजारी, जरा खाली, नाकपुडीच्या बाजूला पुटकुळी येते अगदी तसा. ही जागा आपण आधी बघितलीय, असं त्यांना राहून राहून वाटत होतं. बघितली असणारच, रोज तेच तर बघतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. समजूत काही पटेना.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी जोडीचं जुनं, जपून ठेवलेलं चित्र उघडलं आणि त्या जागेवर मोठं करून बघितलं. सगळीकडे बारीक रवाळ दाणा, आणि तेवढीच जागा गुळगुळीत. ते काम त्यांचंच होतं. स्वतःचं अक्षर माणूस कुठंही ओळखतो.

नवा कॅमेरा आला तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "नवी चित्रं जपून ठेवायचीत, ती स्वच्छ करून द्या." म्हणजे कॅमेऱ्याचे मेलेले ठिपके, मध्येच गेलेल्या उपग्रहाची रेघ, असलं काढायचं. काकूंनी काढलं. आणि काढता काढता जोडीच्या नाकाशी बसलेली ती पुटकुळीही काढली. डोक्यानं विचारायच्या आत हातानं काम उरकलं होतं. जुन्यातून पुसलं, म्हणून नव्यात ते नवं दिसलं! म्हणजे तारा फुटलाच नव्हता. तिथं जे पहिल्यापासून होतं तेच होतं.

काकू धडपडत मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम समितीला पाठवायचं निवेदन लिहीत होत्या.

"मॅडम, तो ठिपका माझा आहे."

"हो, तुमचाच," मॅडम मोकळेपणानं हसल्या. "शोधणाऱ्यांत तुमचं नाव घालतेय मी. विसरले नाहीये."

"तसं नाही हो. मी केलाय तो."

"तुम्हीच तर पहिल्यांदा बघितलात."

"बघितला नाही, केला! पुसला! म्हणजे पुसला म्हणून झाला!" काकूंना रडू फुटलं. आपण काय बोलतोय ते त्यांनाच नीट कळेना, मग मॅडमना काय कळणार! शेवटी हाताला धरून त्यांनी मॅडमना स्क्रीनपुढं आणलं आणि ती गुळगुळीत जागा दाखवली. मॅडमनी ती आणखी मोठी करून बघितली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मूळ चित्र डोंगरावर असेल. मागवून घेऊ."

त्या संध्याकाळी काकूंनी जेवायला वाढलं ते दोन ताटांत तीनदा. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तारा आहे की नाही?" काकू म्हणाल्या, "मला काय ठाऊक! मी पुसला तेव्हा होता. मी पुसला म्हणून आहे. आणि होता म्हणून नाही." नवऱ्यानं डोकं धरलं आणि दुसरी पोळी मागायचं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मूळ चित्र आलं. त्यात तो ठिपका खरंच होता. प्रोग्रामवाल्यानं पडेल चेहऱ्यानं या वर्षीच्या चित्रातून मूळ चित्र वजा केलं. काकूंना वाटलं होतं, आता नुसता करडा रंग उरेल आणि सगळं संपेल. तसं झालं नाही. पांढरा होता तिथं काळा ठिपका उमटला.

"काळा," काकू म्हणाल्या. "कचरा?"

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, आणि अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "काळा म्हणजे उजेड कमी झालाय. गेल्या वर्षी जास्त होता, या वर्षी निम्मासुद्धा नाही. ताऱ्यांचा नेहमीचा पुंजका असता तर होता तेवढाच राहिला असता."

"म्हणजे?"

"म्हणजे गेल्या वर्षी कॅमेरा बसवला तेव्हा तो आधीच फुटलेला होता, काकू. आपण ज्या चित्राला जुनं, चांगलं म्हणून जपलं, त्यातच तो जळत होता. आता विझत चाललाय." त्यांनी काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "तुम्ही पुसला नसता तर वजाबाकीत पहिल्यापासून काळाच आला असता. आणि काळा आला की कचऱ्यात, हा नियम कुणाचा? माझा."

"मग मी केलं ते चूक की बरोबर?"

"चूक," मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "मला खरंच सांगता येत नाहीये."

काकूंचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्यांना दुसरीच धास्ती लागली. समितीपुढं हे सगळं वाचलं जाणार. एवढ्या शिकलेल्या लोकांत कुणीतरी म्हणणार, लग्नाच्या फोटोंतल्या पुटकुळ्या काढणारी बाई तुम्ही ताऱ्यांना लावलीत? मॅडमचं हसं होणार आणि आपलं या वयात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्या मॅडमच्या मागंच लागल्या. "माझं नाव नको. काय व्हायचं ते काम होऊ दे, पण माझं काही सांगू नका." मॅडमनी समजावून पाहिलं. काकूंच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं तेव्हा त्यांनी नाइलाजानं मान डोलावली.

समिती तिथंच, वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत बसली. खोलीला एकच खिडकी आणि ती उघडायची नाही. प्रोग्रामवाला चित्रं दाखवायला होता. काकूंना पाण्याचे ग्लास भरायच्या निमित्तानं मागं बसायला मिळालं. मॅडमनी सगळं नीट सांगितलं, फक्त एका ठिकाणी त्या घाईनं पुढं गेल्या. जपलेल्या चित्रातून तो ठिपका "प्रक्रियेतल्या एका चुकीमुळे" निघून गेला होता, असं त्या म्हणाल्या.

समितीचे अध्यक्ष म्हातारे होते, मधूनमधून डोळे मिटायचे. सगळ्यांना वाटलं झोपलेत. पण त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "कसली चूक?"

"प्रक्रियेतली."

"म्हणजे यांच्या प्रोग्रामची?" त्यांनी डोळे उघडून प्रोग्रामवाल्याकडे बघितलं. "तुमचा प्रोग्राम चित्रांतले तारे आपोआप खाऊन टाकतो?"

प्रोग्रामवाल्याचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगितलं तर काकू अडकत होत्या आणि गप्प राहिलं तर तो. तो गप्प राहिला.

"एकदा खाल्ला तर कितीदा खाल्ला असेल," अध्यक्ष म्हणाले. "मग यातलं कुठलं चित्र खरं मानायचं आम्ही? तो उजेड कमी झालाय हेही तुमच्याच प्रोग्रामनं सांगितलं ना? मला तुमचा हेतू वाईट वाटत नाही. पण कुठं काय चुकलं हेच तुम्हाला माहीत नसेल, तर हा वेळ दुसऱ्यांना दिलेला बरा."

मॅडम काहीतरी बोलायला गेल्या. त्यांनी वळून काकूंकडे बघितलंसुद्धा नाही. शब्द दिला होता, तो त्या पाळत होत्या. पाळता पाळता सगळी वर्षं हातातून चालली होती. काकूंना ते दिसलं आणि ग्लास ठेवताना पाणी सांडलं. आता बोललं तर हसं होणार, न बोललं तर सगळं बुडणार, यापलीकडे त्यांना काही सुचेना. पाय मात्र उभे राहिले.

"प्रोग्रामनं नाही खाल्ला," त्या म्हणाल्या. "मी पुसला."

सगळ्या माना मागं वळल्या. "आपण कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी फोटो रिटच करायचे. लोकांच्या तोंडावरचे डाग काढायचे. मॅडमनी चित्रं स्वच्छ करायला दिली, तर मला तो डागच वाटला. मी काढला. हातानं. त्याच्या प्रोग्रामचा काही संबंध नाही, तो पोरगा बिचारा उगाच..." काकूंना दम लागला. "मूळ चित्रं सगळी डोंगरावर आहेत. माझ्या हाताखालून गेली ती आणि ती शेजारी शेजारी ठेवा. मी कुठं कुठं हात लावलाय ते दिसेल. तिथं मी खोटी. बाकी सगळं खरं आहे."

कुणीतरी हसलं. अगदी थोडं, पण हसलं. काकूंनी ते ऐकलं आणि त्यांचे कान तापले, तरी त्या उभ्याच राहिल्या.

"हे एवढं सरळ आहे, तर निवेदनात का नाही?" अध्यक्षांनी मॅडमना विचारलं.

उत्तर काकूंनीच दिलं.

"मीच म्हटलं होतं त्यांना," त्या म्हणाल्या. "मला यातून पुसून टाका."

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी निवेदनाचे कागद गोळा केले, टेबलावरून मॅडमच्या पुढ्यात सरकवले आणि म्हणाले, "यांना परत घाला यात. जिथं होत्या तिथंच. मग आम्ही वाचू."

मॅडमनी पेन उघडलं आणि तिथंच लिहायला घेतलं.